‘मका’ आणि ‘मक्का’ यांच्यातली शांतता : प्रकल्प नोंदी

बोलण्यातला काही मिलिसेकंदांचा फरक मेंदू कसा वापरतो, हे घरच्या घरी करून बघायचं होतं. साधनं तीन : लॅपटॉप, प्राट हे फुकट मिळणारं ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर आणि ऐकायला बसतील अशी माणसं. यातलं तिसरं सगळ्यात महाग पडतं. दोन आठवड्यांचा बेत होता, लागले साडेपाच. कोणी हेच करायला घेतलं तर निदान माझ्या चुका पुन्हा होऊ नयेत, म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

२ फेब्रुवारी

पहिला बेत ‘प’ आणि ‘फ’चा. दोन्हींत ओठ मिटून उघडतात. फरक पडतो तो ओठ उघडल्यावर कंठ थरथरायला किती वेळ लागतो यात. ‘प’मध्ये थरथर जवळजवळ लगेच सुरू होते. ‘फ’मध्ये आधी हवेचा झोत जातो, मग कंठ जागा होतो. लिस्कर आणि अब्रॅमसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हाच उशीर ११ भाषांत मोजला होता आणि त्यांत मराठीही होती. म्हटलं, वाट आयतीच मिळाली.

वीस वेळा ‘फळ’ रेकॉर्ड केलं. आलेखावर ओठ उघडल्याचा टोकदार उभा ठिपका दिसायला हवा, तो कुठेच नाही. नुसती खसखस. अर्ध्या तासाने डोक्यात प्रकाश पडला : माझा ‘फ’ ओठ मिटून येतच नाही. खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो आणि हवा घासत बाहेर पडते, ‘फॅन’मधल्यासारखी. भावाचंही तेच. आईचा ‘फ’ अस्सल निघाला, पण दुसऱ्याच खेपेला ती म्हणाली, “मला वीस वेळा फळ म्हणायला लावू नकोस, काम आहे मला.”

एक दिवस गेला.

५ फेब्रुवारी

‘क’ आणि ‘ख’ घेतले. ‘खल’मधला हवेचा झोत थोडा थोडा कापत नेला की कुठेतरी ‘कल’ ऐकू यायला लागेल, असा हिशोब. तसं झालं नाही. झोत पूर्ण कापला तरी स्वराच्या सुरुवातीच्या काही लहरी श्वासाळलेल्याच राहतात आणि कान तेवढ्यावरून ‘ख’चा वास काढतो. उलट दिशेने ‘कल’मध्ये झोत चिकटवला, तर तुकडा पुन्हा पुन्हा जोडल्यामुळे बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची होती आणि इथे चार बदलत होत्या.

तीन दिवस या कापाकापीत गेले. शेवटी ठरवलं की जिथे फक्त शांतता कमी-जास्त करावी लागेल अशी जोडी शोधायची. शांतता कितीही जोडा, गुणगुणत नाही.

८ फेब्रुवारी

जोडी मिळाली : मका आणि मक्का. ‘क’ म्हणताना जीभ मागे टाळूला टेकते आणि सुटेपर्यंत आवाज बंद असतो. ‘मक्का’मध्ये ती जास्त वेळ टेकून राहते, बस. दोन्ही शब्द दहा-दहा वेळा एकाच चालीत म्हटले आणि मधली शांतता मोजली. ‘मका’त सरासरी ९२ मि.से., ‘मक्का’त २१४.

आणखी एक आकडा बघून मजा वाटली. शाळेत वृत्तं शिकताना पाठ केलं होतं की जोडाक्षरापूर्वीचं अक्षर गुरू. म्हणून ‘मका’च्या मात्रा तीन आणि ‘मक्का’च्या चार. माझी समजूत अशी की ‘म’वर जोर येतो म्हणजे तो लांबत असणार. आलेखात उलटंच. ‘मका’तला ‘अ’ ८१ मि.से., ‘मक्का’तला ७३. स्वर वाढला तर नाहीच, थोडा आखडला. ती जादा मात्रा सगळी शांततेत आहे. वृत्त मोजणाऱ्यांनी आलेख न बघता नुसत्या कानाने ती बरोबर पकडली होती.

१० फेब्रुवारी

फाइली बनवल्या. मूळ ‘मका’ घेतला आणि मधली शांतता ६० पासून २६० मि.से. पर्यंत २५-२५ च्या टप्प्याने बदलली. एकूण नऊ फाइली. बाकी आवाज तोच, तसूभरही हलवलेला नाही.

इथे दोन चुका झाल्या. पहिली नेहमीचीच : लहर शून्य रेषेवर नसताना कात्री लावली, त्यामुळे जोडावर ‘टक्’ असा आवाज. गंमत म्हणजे तो ‘टक्’ कानाला ‘क’चा स्फोटच, म्हणजे जीभ सुटतानाचा आवाजच, वाटतो आणि शब्दात दोन ‘क’ असल्याचा भास होतो. कापताना शून्यावर कापा आणि कडेचे ५ मि.से. हळूहळू विझवा.

दुसरी चूक उशिरा सापडली. फाइली लहान व्हाव्यात म्हणून एमपी३ मध्ये साठवल्या होत्या. अचानक येणारा तीक्ष्ण आवाज एमपी३ नीट पकडू शकत नाही. त्याची धूळ स्फोटाच्या आधीच्या भागावर सांडते. माझी शांतता म्हणून जी होती तिच्या शेवटच्या भागात बारीक खरखर भरली होती. सगळं पुन्हा डब्ल्यूएव्हीमध्ये, ४४,१०० हर्ट्झवर. शिवाय फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आवाजशुद्धीची सोय आधी बंद करा. शांत जागा ती आपल्या मर्जीने आणखी पुसते आणि कडाही खाते.

१३ फेब्रुवारी

पहिली चाचणी, भावावर. ऐकणाऱ्याने शब्द ऐकायचा आणि ‘मका’ किंवा ‘मक्का’ यांपैकी एक बटण दाबायचं. नऊ फाइली, प्रत्येक दहा वेळा, म्हणजे ९० उत्तरं.

बिनतारी हेडफोन मध्ये थोडा वेळ आवाज नसला की झोपतात आणि पुढच्या आवाजाची सुरुवात गिळतात. भावाला अधूनमधून नुसतं ‘अक्का’ ऐकू येत होतं. तोड म्हणून शब्द वाक्यात बसवला : “आता तुम्हाला … ऐकू येईल.” हेडफोनने ‘आता’ गिळला तरी बिघडत नाही. हे वाक्य पुढे किती महागात पडणार, याची तेव्हा कल्पना नव्हती.

१५ फेब्रुवारी

चार जण झाले : मी, भाऊ, आई, शेजारचे काका. आकडे अपेक्षेपेक्षा स्वच्छ आले. ११० पर्यंत सगळे ठामपणे ‘मका’, १८५ पासून ठामपणे ‘मक्का’, आणि मधल्या दोन-तीन फाइलींत उडी. निम्मी उत्तरं इकडे आणि निम्मी तिकडे पडतात तो बिंदू सीमा धरला. भाऊ १४७, मी १५२, आई १५८, काका १५५.

काका बटणं दाबून झाल्यावर म्हणाले, “तू नऊ प्रकार म्हणतेस, मला तर दोनच ऐकू आले.”

मी म्हटलं, “काका, नऊच होते. मधे अर्धवट असं काही वाटलं नाही का तुम्हाला?”

“अर्धवट? नाही बुवा. एकतर मका, नाहीतर मक्का.”

शांतता पायरी-पायरीने वाढते आणि ऐकू मात्र एकदम बदलून येते. ब, ड, ग या आवाजांवर लिबरमन आणि त्यांच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये हेच दाखवलं होतं. १९७१ मध्ये आयमास आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांत ‘बा’ आणि ‘पा’ची अशीच सीमा शोधली. माणसाच्या भाषेची खास देणगी म्हणून मिरवावं, तर चार वर्षांनी कूल आणि मिलर यांनी शिकवलेल्या चिंचिलांनी, म्हणजे सशाएवढ्याही नसलेल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांनी, ‘डा’ आणि ‘टा’मध्ये जवळपास माणसांच्याच जागी रेघ मारली.

१७ फेब्रुवारी

लोक कंटाळतात. वाक्य दर वेळी तेच. म्हणून शब्दाला हात न लावता आजूबाजूचं वाक्य प्राटमध्ये ६५ टक्क्यांपर्यंत आवळलं. प्राटची ओव्हरलॅप-अॅडची सोय वापरली की आवाजाची पट्टी चढत नाही, फक्त वेग वाढतो. दीड सेकंदाचं वाक्य एका सेकंदाच्या आत आलं. ९० उत्तरांमागे ४७ सेकंदांची बचत.

१८ फेब्रुवारी

त्याच चौघांची दुसरी फेरी. भाऊ १२६, मी १२९, आई १३३, काका १३१. सगळ्यांची सीमा वीस-पंचवीस मि.से.ने खाली आली. सगळ्यांची, आणि एकाच दिशेला. काहीतरी बिघडलंय.

१९ ते २३ फेब्रुवारी

हे दिवस लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

संशय एक, हेडफोन. तारेचे आणले. आकडे तेच. खरं तर विचार केला असता तर कळलं असतं, बिनतारी हेडफोन आवाज उशिरा पोहोचवतात, पण फाइलीच्या आतली शांतता आखडत नाहीत.

संशय दोन, फाइली. नऊच्या नऊ पुन्हा उघडून शांतता मोजली. एका मि.से.च्या आत बरोबर.

संशय तीन, क्रम. इथे खरोखरच चूक सापडली. दुसऱ्या फेरीत फाइली पिसल्याच गेल्या नव्हत्या, लहानापासून मोठ्याकडे ओळीने वाजत होत्या. ओळीने वाजल्या की माणूस पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतो. हुश्श केलं, दुरुस्ती केली, भावाला पुन्हा बसवलं. १२७. एक चूक सापडली की तीच ती, असं आपण गृहीत धरतो.

संशय चार, सवय. दोनदा ऐकून कान शिकले असतील. म्हणून न ऐकलेली मैत्रीण बसवली. १३०.

संशय पाच, लॅपटॉप. यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. मी शेवटी निकालांच्या फोल्डरला ‘खराब’ असं नाव देऊन झोपले.

२४ फेब्रुवारी

आई भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसून कुरकुरत होते. ती सहज म्हणाली, “पहिल्या वेळी तू सावकाश बोलत होतीस गं. आता घाईत आहेस. घाईत मक्का तेवढाच येणार ना?”

फाइलींत शब्द तोच. शांतता तीच. फक्त वाक्य घाईचं, आणि घाईच्या वाक्यात १३५ मि.से.ची शांतता ‘मक्का’ म्हणून पुरते. संथ वाक्यात तीच अपुरी पडते. मेंदू मिलिसेकंद मोजत बसत नाही. बोलणाऱ्याची चाल काय आहे ते तो आधी पकडतो आणि त्या चालीच्या मानाने शांतता लांब की आखूड ते ठरवतो. मी मापाची पट्टी बदलली आणि पाच दिवस वस्तू का बदलली म्हणून शोधत बसले.

हे नवंही नव्हतं. पिकेट आणि डेकर यांनी १९६० मध्ये इंग्रजीत ‘टॉपिक’ आणि ‘टॉप पिक’ यांच्यामधल्या ‘प’ची शांतता लांबवून हेच केलं होतं, आणि वाक्याचा वेग बदलला की सीमा सरकते हेही नोंदवलं होतं. आधी वाचलं असतं तर पाच दिवस वाचले असते. पण मग आईचं वाक्य मिळालं नसतं.

२७ फेब्रुवारी

आता नीट मांडणी. तेच नऊ शब्द, तीन चालींची वाक्यं : ६५ टक्के, मूळ आणि १४० टक्के. तिन्ही एकाच फेरीत पिसून, म्हणजे सवय-बिवय मध्ये येणार नाही. २७० उत्तरं, दर नव्वदनंतर विश्रांती. विश्रांती सक्तीची ठेवा. काका विश्रांती न घेता पुढे गेले आणि शेवटच्या पन्नास उत्तरांत डोळे मिटून एकच बटण दाबत राहिले. ती फेरी टाकून द्यावी लागली.

उरलेल्या चौघांची सरासरी : घाईच्या वाक्यात १२८, मूळ चालीत १५०, संथ वाक्यात १७१. एकही अपवाद नाही.

‘मका’ हा शब्द रोजचा आणि ‘मक्का’ त्या मानाने क्वचितचा, म्हणून ओळखीच्या शब्दाकडे कान झुकत असेल अशी शंका होती. गॅनॉन्ग यांनी १९८० मध्ये हा झुकाव दाखवलेला आहे. म्हणून अर्थ नसलेली ‘नुका-नुक्का’ ही जोडीही बनवली. सीमा थोडी वेगळी पडली, पण चालीनुसार तशीच सरकली. एवढं पुरे.

३ मार्च

पुढचा प्रश्न भावाने विचारला. शब्दाच्या आधीचा भाग चाल ठरवतो हे कळतं, पण नंतरचं ‘ऐकू येईल’? ते येईपर्यंत तर शब्द संपलेला असतो.

दोन नव्या मांडण्या केल्या. एकीत फक्त आधीचं वाक्य घाईचं, दुसरीत फक्त नंतरचं. आधीच्या घाईने सीमा १७ मि.से. सरकली, नंतरच्या घाईने ५. पाच म्हणजे थोडं, पण चौघांतही एकाच दिशेला. म्हणजे शब्द कानावर पडून गेल्यावरही निर्णय थोडा वेळ उघडा असतो. मिलर आणि लिबरमन यांनी १९७९ मध्ये इंग्रजी ‘ब’ आणि ‘व’बाबत हे दाखवलं होतं : व्यंजन काय होतं हे त्याच्या पुढचा स्वर किती लांबला यावरही ठरतं.

आपल्याला मात्र असं काही अधांतरी राहिल्याचं जाणवत नाही. ‘मक्का’ जणू त्याच क्षणी ऐकला असंच वाटतं. याचा आणखी एक पुरावा चुकून मिळाला. एका रेकॉर्डिंगमध्ये दार आपटल्याचा आवाज आला होता. तो ‘तुम्हाला’च्या आधी आहे, अशी मी शपथ घेतली असती. आलेखात तो ‘तुम्हाला’च्या ‘ला’वर बसला होता आणि ‘ला’चा अर्धा भाग त्याने झाकला होता. मला आणि भावालाही ‘ला’ स्पष्ट ऐकू आला होता.

८ मार्च

किती घाई चालेल, हे ताणून बघितलं. वाक्य एकतृतीयांश केलं. ते वाक्य आहे एवढंच कळतं, शब्द लागत नाहीत. पाठ झालेलं वाक्य नको म्हणून पंधरा नवी वाक्यं रेकॉर्ड करून मैत्रिणीला ऐकवली. तिला निम्मेही शब्द सांगता आले नाहीत.

मग गिट्झा आणि ग्रीनबर्ग यांनी २००९ मध्ये केलेला प्रकार करून बघितला. आवळलेल्या वाक्याचे ४०-४० मि.से.चे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर ८० मि.से. शांतता घालायची. नवीन माहिती शून्य, नुसती भोकं पाडायची. पहिल्या खेपेला तुकड्यांच्या कडा विझवायला विसरले, त्यामुळे टाइपरायटर वाजल्यासारखं झालं. दुसऱ्या खेपेला जमलं. ऐकायला भयंकर : उचकी लागलेला माणूस बोलतोय असं वाटतं. पण मैत्रीण शब्द सांगायला लागली. सगळे नाही, तरी आधीपेक्षा कितीतरी जास्त. एक वाक्य तर तिने पूर्ण म्हटलं आणि मग स्वतःच चमकून हेडफोन काढले.

हिशोब असा : ४० आणि ८० मिळून १२०, म्हणजे सेकंदाला आठ-एक गठ्ठे. नेहमीच्या बोलण्यात सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरावयव (‘म-का’सारखे उच्चाराचे तुकडे) येतात, आणि श्रवणकेंद्रातल्या मज्जापेशींच्या समूहाची सेकंदाला चार ते आठ आवर्तनांची लय बोलण्याच्या या चढउताराशी जुळवून घेते. आवळलेलं वाक्य या लयीच्या पुढे धावत होतं. शांतता घातली की ते पुन्हा तिच्या आवाक्यात येतं.

११ मार्च

मग हाच प्रश्न मूळ प्रयोगाला लावायचा मोह आवरला नाही. उचकीच्या वाक्यात आतला वेग तिप्पट आहे, पण गठ्ठ्यांची चाल मूळ बोलण्याएवढीच. अशा वाक्यात ‘मका-मक्का’ बसवला तर सीमा कुठे जाईल, घाईकडे की मूळ चालीकडे?

फक्त दोघांवर झालंय, मी आणि मैत्रीण. माझी १४६, तिची १४४. म्हणजे घाईच्या १२८ पेक्षा मूळ चालीच्या १५० कडे. आईला बसवलं होतं. तिने सहा शब्द ऐकले, हेडफोन टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “उचकी थांबल्यावर बोलव.”

१२ मार्च

एकूण हिशोब. रेकॉर्डिंग आणि कापाकापी सुमारे ३० तास, ऐकणाऱ्यांचे मिळून ९ तास, माझ्या चुका शोधण्यात गेलेले २० च्या वर. हेडफोनची दुसरी जोडी गरज नसताना घेतली.

करणाऱ्यांसाठी तीन कामाच्या गोष्टी. शब्दाभोवतीचं वाक्य म्हणजे आवरण नव्हे, तोही प्रयोगाचाच भाग. त्याची लांबी प्रत्येक फाइलीबरोबर लिहून ठेवा. चाली बदलायच्या तर एकाच फेरीत पिसून वाजवा. आणि ऐकणाऱ्याला फेरी झाल्यावर काय वाटलं ते विचारा, बटणांपेक्षा तिथे जास्त सापडतं.

‘खराब’ फोल्डर उघडला. पहिल्या घाईच्या फेरीचे आकडे त्यातच आहेत, पण क्रम पिसलेला नसल्यामुळे ते वापरता येत नाहीत. दुरुस्तीनंतरची भावाची १२७ आणि मैत्रिणीची १३० तेवढी चालतील. त्या दोन फाइली बाहेर काढल्या, फोल्डरचं नाव तसंच ठेवलं.